दुष्काळात परदेशी गेलेल्या पूर्वजाचा माग: जनगणना आणि जुनी वर्तमानपत्रे किती कामी येतात?

वर्धाकाठ

आमचे मूळ गाव आर्वी तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर आहे. माझ्या आबाजींचे सख्खे काका १८९९-१९०० च्या दुष्काळात घर सोडून गेले. घरात चालत आलेली हकीकत थोडकी आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात बैलजोडी गेली, तीन वर्षांनी पुन्हा पाऊस फिरला तेव्हा वावर सावकाराकडे गेले, काही दिवस दुष्काळी कामावर खडी फोडून ते नागपूरकडे निघाले आणि परत आले नाहीत. पुढे काही वर्षांनी फिजी बेटावरून एक पत्र आणि थोडे पैसे आले. ते पत्र आबाजींनी लहानपणी पाहिले होते. जुने घर पडले त्यात ते गेले. काकांची पत्नी गावातच राहिली. त्यांना मूल नव्हते.

माझ्या जात पडताळणीच्या वेळी वडिलांनी वंशावळ तयार केली, तेव्हा या काकांच्या नावापुढे ‘मयत, निर्वंश’ असे लिहिले गेले. हे लिहिण्याला कोणताही आधार नव्हता. ते कधी वारले, कोठे वारले, तिकडे त्यांनी दुसरा संसार केला की नाही, यांतले आम्हांला काहीच ठाऊक नाही. जो माणूस भुकेमुळे घराबाहेर पडला त्याचे आयुष्य आपल्या कागदावर एका शब्दात मिटवून टाकावे, हे मला पटत नाही.

जाणकारांना माझे विचारणे असे की, त्या काळच्या जनगणनेत माणसांची नावे सापडतात काय? इकडच्या किंवा तिकडच्या वर्तमानपत्रांत अशा साध्या शेतकऱ्याचा उल्लेख मिळू शकतो काय? आणि शोधाची सुरुवात नेमकी कोणत्या टोकाकडून करावी?

गणनापत्रक

मी शिक्षक असून दोन जनगणनांमध्ये प्रगणक म्हणून काम केले आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. आपल्याकडच्या जुन्या जनगणनेत तुम्हांला नाव सापडणार नाही. नावे लिहिली जात होती, यात शंका नाही. मध्य प्रांतात (वर्धा त्यातच येई) १८६६ मध्ये आणि वऱ्हाडात १८६७ मध्ये शिरगणती झाली, आणि १८८१ पासून सबंध देशात एकाच रात्री मोजणी होऊ लागली. घरांवर गेरूने क्रमांक टाकले जात, आणि पटवारी किंवा शाळामास्तर दारोदार जाऊन घरातल्या प्रत्येकाची नोंद करीत. १९०१ ची मोजणी १ मार्चच्या रात्री झाली. त्या वेळी प्रत्येक माणसामागे एक चिठ्ठी तयार करून त्या चिठ्ठ्यांवरून तक्ते बनवण्याची पद्धत आली, आणि तक्ते बनल्यावर मूळ कागद नष्ट केले गेले. हाती राहिले ते आकडे. १९४८ च्या जनगणना कायद्यानेही व्यक्तीची माहिती गोपनीय ठेवली आहे. ती कोणाला पाहताही येत नाही आणि न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही.

तरीही ते अहवाल अवश्य वाचा. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये ४ लाखांच्या किंचित वर होती, ती १९०१ मध्ये सुमारे ३ लाख ८५ हजारांवर आली. नदीच्या पलीकडे वऱ्हाडात ती २८ लाख ९७ हजारांवरून २७ लाख ५४ हजारांवर आली. एरवी जी संख्या वाढायची ती दहा वर्षांत घटली, याचा अर्थ काय ते दुष्काळ पाहिलेल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. तुमच्या काकांचे जाणे हे एकट्याचे जाणे नव्हते, एवढे त्या तक्त्यांवरून कळते. कोण मेले आणि कोण निघून गेले, हे मात्र तक्ते एकेका माणसापुरते सांगू शकत नाहीत.

पळसफूल

म्हणजे सरकारने दारावर येऊन नाव विचारले, लिहिले आणि पुसून टाकले. हे वाचून मनाला लागले.

कामठीकर

गणनापत्रक यांनी सांगितलेली गोष्ट आपल्या देशापुरती आहे. इंग्लंडमध्ये १८४१ पासूनच्या जनगणनेची घरनिहाय पत्रके जपलेली आहेत आणि शंभर वर्षांनी ती खुली होतात. १९२१ ची पत्रके २०२२ मध्ये खुली झाली. त्यांची १९३१ ची पत्रके आगीत जळाली आणि १९४१ मध्ये युद्धामुळे गणनाच झाली नाही, त्यामुळे त्यांच्याकडेही पुढे मोठे खिंडार आहे. अमेरिकेत ७२ वर्षांनी पत्रके उघडतात आणि १९५० पर्यंतची आज पाहता येतात.

आमच्या कामठीला इंग्रजांची मोठी छावणी होती. जन्मस्थान कामठी असे टाकून मी विलायतेच्या जुन्या जनगणनेत शोध घेतला, तेव्हा बहुतेक नोंदी गोऱ्या शिपायांच्या मुलांच्या निघाल्या. साहेबाच्या कुटुंबाबरोबर गेलेली आया किंवा नोकर यांच्या नोंदीही अधूनमधून असतात, पण त्यांचे जन्मस्थान बहुधा नुसते ‘इंडिया’ एवढेच लिहिलेले असते. फिजीला गेलेल्या माणसासाठी हा मार्ग उपयोगाचा नाही.

सातासमुद्रापार

मी मूळची यवतमाळ जिल्ह्यातली, आता न्यूझीलंडमध्ये असते. फिजीतून इकडे आलेल्या अनेक कुटुंबांशी माझा परिचय आहे आणि त्यांच्यापैकी काहींना आजोबा-पणजोबांची कागदपत्रे मिळवून देण्यात मी मदत केली आहे. त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

फिजीला पाच वर्षांच्या करारावर मजूर नेण्यास १८७९ मध्ये सुरुवात झाली. ‘लिओनिडास’ हे पहिले जहाज त्या वर्षीच्या मे महिन्यात पोचले. १९१६ मध्ये शेवटचे जहाज गेले. या काळात ६० हजारांहून थोडे अधिक लोक तिकडे नेले गेले. १९०३ पर्यंत सर्व जहाजे कलकत्त्याहूनच सुटत, मद्रासची भरती त्यानंतर सुरू झाली. कलकत्त्याच्या डेपोत, म्हणजे जहाज सुटेपर्यंत मजूर ठेवत त्या आवारात, आलेले बहुसंख्य लोक आजच्या उत्तर प्रदेशातले आणि बिहारमधले असत. मध्य प्रांतातलेही होते. नागपूर-कलकत्ता हा बंगाल-नागपूर रेल्वेचा सरळ मार्ग नेमका १९०० च्या सुमारास पुरा झाला होता, तेव्हा नागपूरपर्यंत पोचलेला माणूस कलकत्त्याला जाणे सोपे झाले होते.

प्रत्येक माणसाचा एक परवाना तयार होत असे. हा एका पानाचा छापील नमुना असे आणि त्यात हाताने भरलेल्या रकान्यांत जहाजाचे नाव, डेपोतला क्रमांक, माणसाचे नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, पोलीस ठाणे, गाव, जवळचा नातलग, लग्न झाले असल्यास कोणाशी, उंची आणि अंगावरची खूण एवढे असते. खुणेच्या रकान्यात ‘कपाळावर व्रण’, ‘अंगावर देवीचे वण’ असे काहीतरी लिहिलेले असते. ज्यांच्या घरात एकही छायाचित्र नाही त्यांच्यासाठी आजोबांच्या देहाविषयी उरलेली ती एकच ओळ असते. मी असा कागद वाचून दाखवत असताना एका वृद्ध गृहस्थांनी स्वतःच्या भुवईवर बोट ठेवले आणि पुन्हा पुन्हा तेवढीच ओळ वाचायला सांगितली.

हे परवाने सुवा येथील फिजीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांच्या सूक्ष्मपटांच्या प्रती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयातही आहेत. म्हणून माझे मत असे की, शोधाची सुरुवात परदेशातल्या टोकाकडून करावी. नाव तिकडे आहे.

कापूसबोंड

परवान्याचे ठीक आहे. वर्तमानपत्रांविषयी मात्र मला मुळीच आशा नाही. गरीब शेतकऱ्याचे नाव तेव्हाच्या कोणत्या वर्तमानपत्राने छापले असेल? आणि आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. हे लोक ‘गेले’ नव्हते, त्यांना नेले होते. अरकाटी म्हणजे भरतीचे दलाल स्टेशनावर, बाजारात, धर्मशाळेत उपाशी माणसे हेरत, जवळच नोकरी आहे म्हणून सांगत आणि डेपोत पोचवत. तुमच्या वंशावळीत हे लिहिले जावे असे मला मनापासून वाटते.

जुनीकात्रणे

कापूसबोंड, तुमच्या पहिल्या म्हणण्याशी मी अर्धाच सहमत आहे. जहाज बंदराला लागल्याच्या बातमीत मजुरांची नावे नसत, फक्त संख्या असे. पण मजुराचे नाव वर्तमानपत्रात इतर वाटांनी येते. काम चुकवले म्हणून भरलेला खटला, मारहाण, अपघाती मृत्यूची चौकशी, नंतरच्या काळात जमिनीचा व्यवहार किंवा दुकानाचा परवाना, अशा मजकुरात ती नावे असतात. बहुतेक प्रसंग दुःखाचे असतात, हे मान्य करावे लागते.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘ट्रोव्ह’ आणि न्यूझीलंडचे ‘पेपर्स पास्ट’ ही दोन संकेतस्थळे विनामूल्य आहेत. फिजीतले साखरेचे बहुतेक कारखाने चालवणाऱ्या कलोनियल शुगर रिफायनिंग कंपनीचे मुख्य ठाणे सिडनीत असल्यामुळे तिकडच्या पत्रांत फिजीच्या बातम्या वारंवार येत. शोधताना माणसाचे नाव टाकून बसू नका. जुनी छपाई यंत्र नीट वाचत नाही आणि आपली नावे इंग्रजीत दहा तऱ्हांनी लिहिली जात. आधी जहाजाचे नाव, मळ्याचे किंवा कारखान्याचे नाव आणि वर्ष यांनी शोध घ्यावा, नंतर ती पाने डोळ्यांनी वाचावीत. १८८४ मध्ये ‘सिरिया’ हे जहाज नासिलाईच्या खडकावर फुटले आणि पन्नासहून अधिक माणसे बुडाली, त्याची हकीकत या पत्रांत दिवसामागून दिवस वाचायला मिळते.

नाताळला म्हणजे दक्षिण आफ्रिकेला गेलेल्यांसाठी गांधीजींनी १९०३ मध्ये सुरू केलेले ‘इंडियन ओपिनियन’ हे फार मोलाचे साधन आहे. सुरिनामला गेलेल्यांसाठी डच वर्तमानपत्रे ‘डेल्फर’ या संकेतस्थळावर आहेत, आणि तिकडच्या ३४ हजारांवर मजुरांची नोंदवार सूची नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने खुली केलेली आहे.

आता आपल्याकडचे पाहू. अकोल्याचा ‘वऱ्हाड समाचार’, नागपूरचा ‘देशसेवक’, पुढे १९११ मध्ये गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने नागपुरात सुरू केलेला ‘हितवाद’, १९१४ पासूनचा ‘महाराष्ट्र’ यांच्या अंकांत तुमच्या काकांचे नाव मिळेल असे मी म्हणणार नाही. तरी १८९९ च्या भाद्रपदापासून पुढचे अंक मिळाले तर कोणत्या तालुक्यात दुष्काळी कामे कधी उघडली आणि कधी बंद झाली, ज्वारीचा भाव कोठवर गेला, हे कळते. ‘काही दिवस खडी फोडून निघाले’ या घरातल्या वाक्याला त्यावरून महिना लावता येतो, आणि महिना लागला की कलकत्त्याहून सुटलेल्या जहाजांची यादी चार-दोन नावांवर येते. वर्तमानपत्राचा खरा उपयोग हा आहे.

सेवाग्रामरोड

वर्ध्याचा विषय आहे म्हणून सांगतो. पांडुरंग खानखोजे हे वर्ध्याचेच. ते अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत होते, पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषिविद्यालयात त्यांनी मक्यावर आणि गव्हावर काम केले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. त्यांचा माग विद्यापीठांच्या दप्तरांतून, पोलिसांच्या गुप्त अहवालांतून, वर्तमानपत्रांतून अशा अनेक ठिकाणांवरून लागतो. शोधणाऱ्याने चिकाटी धरली तर साधने आहेत.

कापूसबोंड

सेवाग्रामरोड, माझे म्हणणे नेमके तेच आहे. खानखोजे शिकलेले होते आणि सरकार त्यांच्या मागावर होते, म्हणून कागद आहे. आर्वी तालुक्यातल्या कुणब्यावर पाळत ठेवण्याचे सरकारला काय कारण होते?

नोंदवही

माझी नोकरी महसूल खात्यात, बराच काळ अभिलेख कक्षातच गेली. सातासमुद्रापार यांनी दिलेली माहिती उत्तम आहे, पण सुरुवातीच्या टोकाविषयी मी त्यांच्याशी सहमत नाही, आणि त्याचे कारण त्यांच्याच उत्तरात आहे. परवान्यावर आडनाव नसते. माणसाचे नाव आणि बापाचे नाव, एवढेच. आपल्याकडे त्या पिढीत तुकाराम, सखाराम, गणपत, महादेव ही नावे घरोघर होती, आणि पिंपळगाव, वडगाव, पिंपरी ही गावे तालुक्यातालुक्यात आहेत. बापाचे नाव, ठाणे आणि त्या वेळचा जिल्हा हे तिन्ही हाती असल्याशिवाय परदेशातली सूची उघडली तर तुम्हांला एक नव्हे, अनेक काका सापडतील.

म्हणून आधी गावाचे कागद काढावेत. पहिले कोतवाल बुक. विदर्भातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको, कारण जात पडताळणीसाठी १९५० किंवा १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो तेव्हा आपण सगळे कोतवाल बुकाच्या नकलेसाठीच तहसीलमध्ये उभे असतो. गावचा कोतवाल जन्म आणि मृत्यू यांची वर्दी ठाण्यावर देई आणि ती बुकात चढे. जन्माच्या नोंदीत मुलाचे नाव बहुधा नसते. बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख असते. मृत्यूच्या नोंदीत मृताचे नाव, वय आणि कारण असते. तुमच्या काकांची मृत्यूची नोंद गावात नसणार, पण त्यांच्या बापाची असू शकते आणि पत्नीची तर असायलाच हवी.

दुसरी बंदोबस्ताची मिसल, म्हणजे जमिनीचा सारा ठरवताना तयार झालेली गावची कागदपत्रे. वर्धा जिल्हा मालगुजारीचा, म्हणजे गावचा सारा मालगुजारामार्फत भरला जाई, त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातला बंदोबस्त आणि त्यानंतरचा विसाव्या शतकातला बंदोबस्त, या दोहोंतली तुमच्या गावची मिसल मागा आणि शेजारी ठेवून वाचा. पहिल्या मिसलीत दोघा भावांची नावे असतील आणि दुसरीत एकच असेल, तर मधल्या काळात वावर कसे गेले आणि कोणाकडे गेले याचा धागा हाती लागतो. नदीपलीकडे वऱ्हाडात मालगुजारी नव्हती, तिकडे खातेदारांची मोजणी झाली, त्यामुळे तिकडचे कागद वेगळे.

तिसरी गोष्ट जिल्ह्यांच्या नावांची. वाशीम आणि अचलपूर हे तेव्हा स्वतंत्र जिल्हे होते आणि १९०५ मध्ये मोडले गेले; यवतमाळ तोवर वणी जिल्हा होता; चंद्रपूर हे चांदा. वर्धा जिल्हा १८६२ पासून आहे, पण इंग्रजीत लिहिणाऱ्या कारकुनाने शेजारच्या अमरावतीत किंवा नागपुरात टाकला असणे अशक्य नाही.

नक्कल मागताना पानावरचा अनुक्रमांक आणि वर्ष अर्जात लिहावे. एका तहसीलमध्ये मला स्वतःला माझ्याच गावाच्या बुकासाठी ‘जीर्ण आहे, उपलब्ध नाही’ असे उत्तर मिळाले होते, आणि नंतर तेच बुक त्याच कपाटात निघाले. म्हणून पहिल्या नकाराने परत फिरू नये, निरीक्षणासाठी अर्ज करावा.

धानपट्टा

नोंदवही यांचे म्हणणे आमच्या भंडाऱ्याकडच्या अनुभवावरून खरे ठरते. आमच्या घरातले एक जण नाताळला गेले असे आम्ही ऐकत होतो. नाताळला १८६० ते १९११ या काळात सुमारे दीड लाख लोक गेले, आणि त्यांच्या जहाजांच्या याद्या आज उपलब्ध आहेत. आमच्या भाच्याने नाव टाकताच एक नोंद सापडली; नाव जुळले, जिल्हा जुळला, वय जुळले आणि घरात आनंद झाला. माझ्या थोरल्या भावाने मात्र कोतवाल बुकाची नक्कल काढीपर्यंत कोणाला काही कळवू दिले नाही. बापाचे नाव वेगळे निघाले. तो माणूस आमच्याच जिल्ह्याचा, आमच्याच जातीचा, पण दुसऱ्या घरचा होता. त्याच्या घरच्यांना तो ठाऊक आहे की नाही, याचा विचार अजून मनातून जात नाही. आमचा शोध चालू आहे.

वैनगंगा

वर्धाकाठ, तुमच्या लेखनात एक ओळ आली आणि पुढच्या सगळ्या उत्तरांत ती मागे पडली. काकांची पत्नी गावातच राहिली. तिचे काय झाले?

विचारण्यामागे दोन कारणे आहेत. परवान्यावर जवळच्या नातलगाचा रकाना असतो, असे वर लिहिले आहे. तिथे बापाचे, भावाचे किंवा बायकोचे नाव असू शकते, आणि ओळख पटवायला ते नाव सगळ्यांत भक्कम. तेव्हा तिचे नाव, माहेरचे गाव, हे आधी लिहून ठेवा; तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारा, पुरुषांना बहुधा ठाऊक नसते. दुसरे कारण असे की, तिने पाट लावला का, की कुंकू लावूनच जन्म काढला? ज्या घरातून माणूस बेपत्ता होई तिथल्या बाईला विधवाही म्हणत नसत आणि सवाशीणही धड मानत नसत. फिजीहून पैसे आले ते कोणाच्या नावाने आले? तिच्या नावाने आले असतील तर पत्र ज्या वर्षी आले त्या वर्षापर्यंत तरी तिकडे त्यांनी तिला आपली मानले होते, हे सिद्ध होते.

करारावर एकट्या निघालेल्या बायकाही होत्या. शंभर पुरुषांमागे चाळीस बायका नेल्या पाहिजेत असा नियम होता. त्यांतल्या कितीतरी दुष्काळात टाकलेल्या किंवा विधवा झालेल्या होत्या. त्यांना शोधणारे इकडे कोणी नाही, कारण वंशावळीत लेकीचे नावच चढत नाही.

सातासमुद्रापार

वैनगंगाताई, तुमचे म्हणणे अगदी योग्य आहे. परवान्यावर नातलग म्हणून कोणाचे नाव सांगितले हे मी नेहमी पाहते, कारण सही-अंगठ्याआधी माणसाने स्वतः उच्चारलेले ते नाव असते.

नोंदवही यांचे मत मी मान्य करते. गावाचा कागद आधी हवा.

कापूसबोंड यांच्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. फसवणूक मोठ्या प्रमाणावर झाली याबद्दल दुमत नाही. गोखल्यांनी १९१२ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला होता आणि सरकारी मतांनी तो पडला. १९१६ मध्ये मालवीयांचा ठराव मान्य झाला, १९१७ मध्ये भरती थांबली आणि १९२० च्या १ जानेवारीला फिजीतले उरलेले करार रद्द झाले. परंतु एका विशिष्ट माणसाला फसवून नेले की तो जाणून गेला, हे त्याच्या परवान्यावरून कळत नाही. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात ‘आजोबा घरातून भांडून स्वतःहून गेले’ हीच परंपरा आहे आणि ते ती अभिमानाने सांगतात. जे सिद्ध नाही ते आपल्या सोयीने लिहिणे म्हणजे ‘निर्वंश’ लिहिण्यासारखेच आहे.

कापूसबोंड

हे मला पटले. तरी वंशावळीत नाही, तर निदान हकिकतीत त्या काळची भरतीची रीत नोंदवावी, एवढा आग्रह मी ठेवतो. माणूस जाणून गेला असला, तरी घरी सहा महिने दाणा नसताना घेतलेल्या निर्णयाला स्वखुशी म्हणवत नाही.

जुनीकात्रणे

आणखी एक साधन राहिले होते. वसाहतींत वारलेल्या मजुरांची शिल्लक रक्कम वारसांना देण्यासाठी याद्या भारत सरकारकडे येत आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून वारसांचा तपास होई. हा पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात महसूल व शेती खात्याच्या, आणि नंतर वाणिज्य व उद्योग खात्याच्या, परदेशगमनविषयक कागदांत आहे. ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर त्यांतले पुष्कळ पाहता येते. सूचीत फिजी, वर्ष आणि ‘मृत मजुरांची मालमत्ता’ या अर्थाचे इंग्रजी शब्द टाकून पाहावे.

वर्धाकाठ

सर्वांचा मनापासून आभारी आहे. मधल्या काळात जे हाती लागले ते लिहितो.

तहसीलमध्ये निरीक्षणाचा अर्ज दिला. आमच्या गावाच्या कोतवाल बुकाची सुरुवातीची पाने गळाली आहेत, परंतु दुष्काळानंतरची वर्षे बऱ्यापैकी शाबूत आहेत. कागद तपकिरी पडला आहे, कडा हात लागताच सुटतात, शाई मात्र अजून काळीभोर आहे. पणजोबांच्या घरातल्या जन्माच्या नोंदी त्यात मिळाल्या. मिसलीत त्याहून अधिक मिळाले. आधीच्या बंदोबस्तात खापरपणजोबांचे नाव त्यांच्या वडिलांच्या नावासह आहे आणि खाली दोन्ही मुलांची नावे आहेत. पुढच्या बंदोबस्तात त्यातले अर्धे वावर मालगुजाराच्या नावावर आहे आणि उरलेल्यावर एकट्या पणजोबांचे नाव आहे. काकांच्या नावापुढे ‘परागंदा’ असा शेरा आहे. आमच्या घरातल्या तोंडी हकिकतीला आधार देणारा हा पहिला लेखी कागद.

वैनगंगाताईंच्या सांगण्यावरून मी माझ्या मोठ्या आत्याकडे गेलो. काकांच्या पत्नीचे नाव तिला माहीत होते, माहेर तिवसा भागातले होते हेही तिने सांगितले. त्यांनी पाट लावला नाही. त्या पणजोबांच्या घरात राहिल्या, सगळी मुले त्यांनी सांभाळली आणि शेवटपर्यंत कुंकू लावले, असे आत्या म्हणाली. माझ्या आबाजींना लहानाचे मोठे त्यांनी केले, हे मला आजवर कोणी सांगितले नव्हते. त्यांची मृत्यूची नोंद मी आता शोधत आहे.

वंशावळीची प्रत दुरुस्त करून मी ‘मयत, निर्वंश’ काढले आणि ‘बंदोबस्त मिसलीनुसार परागंदा; फिजी येथे गेल्याची कौटुंबिक माहिती; पुढील माहिती उपलब्ध नाही’ असे लिहिले. काकूंचे नाव त्यांच्या शेजारी घातले. सुव्याला पत्र पाठवायचे आहे. त्यात काय काय लिहावे?

सातासमुद्रापार

पत्र इंग्रजीत आणि एका पानाचे असावे. काकांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, पत्नीचे नाव, भावाचे नाव, जात, गाव, ठाणे आणि जिल्हा वर्धा, मध्य प्रांत, हे तक्त्यात द्या. नावांची संभाव्य इंग्रजी रूपे प्रत्येकी तीन-चार द्या, कुणबी या शब्दाचीही द्या. निघण्याचा काळ १९०० ते १९०३ असा ठेवा, एकच वर्ष लिहू नका; मधली काही वर्षे माणसे नागपुरात किंवा खाणींवर काढत आणि मग पुढे जात. परवाना मिळाला तर त्यावरचा जहाजाचा आणि मजुराचा क्रमांक घेऊन मळ्याची नोंदवही आणि मृत्यूची नोंद मागता येते. करार पाच वर्षांचा असे आणि दहा वर्षांनी परतीचे भाडे सरकार देई, त्यामुळे परत निघालेल्यांच्या याद्याही पाहण्याची विनंती त्याच पत्रात करा. कलकत्त्यापर्यंत परत येऊन गावी न पोचलेली माणसेही पुष्कळ आहेत.

नोंदवही

मिसलीच्या त्या पानाची प्रमाणित नक्कल आताच घेऊन ठेवा, छायाचित्रावर राहू नका. शेऱ्याच्या रकान्यात मोडीत आणखी काही लिहिलेले असेल तर पुराभिलेख खात्याच्या नागपूर कार्यालयात मोडी वाचणारे मिळतात. तिवसा नदीपलीकडे, म्हणजे वऱ्हाडात येते. काकूंच्या माहेरचे कागद अमरावती जिल्ह्यात शोधावे लागतील, आणि तिकडे मालगुजारीची मिसल मागू नका, पाहणी-खतावणी मागा.

धानपट्टा

तिवसा तालुक्यात माझे साडू पटवारी होते. काकूंच्या माहेरचे गाव निश्चित झाले की येथे लिहा, कोणते बुक कोठे ठेवले आहे ते त्यांना विचारून कळवतो.